भिकबाळी

कोल्हापुरात मोटारींची रॅली म्हणजे निम्मं लग्नघर. ज्याची गाडी तपासायची तो मामेभाऊ निघतो, ज्याला दंड लावायचा तो शाळेत एका बाकावर बसलेला असतो, आणि वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला गडी कुणाच्या तरी सासुरवाडीचा असतोच. नातेवाइकानं नातेवाइकाला तपासू नये असा नियम आहे, छापलेला आहे. पण तो पाळायचा म्हटला तर माणसं परजिल्ह्यातून आणावी लागतील. त्यामुळे आंबोशी घाटाच्या पायथ्याशी, आश्रमशाळेच्या पटांगणात टेबल मांडून बसलेल्या हेमांगी मगदूमसमोर सकाळी साडेसहाला तिचा सख्खा धाकटा भाऊ विश्वजित येऊन बसला, तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

हेमांगीचं लक्ष्मीपुरीत कानाच्या मशिनांचं दुकान. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांचे कान तपासायचे, मशीन बसवून द्यायचं, आणि ‘मुलगा काय पुटपुटतोय ते आता ऐकू येतंय’ म्हणून त्यांनी तक्रार केली की हसायचं. वर्षातले चार रविवार मात्र ती रॅलीला यायची. मोबदला काय, तर एक टोपी आणि हवा तेवढा चहा. बघणाऱ्यांना गाडी दिसते आणि धुरळा दिसतो. पण एक गाडी घाटात सोडायची तर मागं साठ माणसं राबत असतात. कुणी रस्त्यावरची खडी झाडतो, कुणी गुरं हाकलतो, कुणी वेळ टिपतो, कुणी लोखंड कापायचा कटर घेऊन दिवसभर जीपमध्ये बसून राहतो. त्यांची नावं पेपरात येत नाहीत. आलीच तर काहीतरी विपरीत घडलेलं असतं.

हेमांगीचं काम भिकबाळी बसवायचं.

त्या यंत्राचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. पण ते उजव्या कानाच्या वरच्या पाळीला चिमट्यानं बसायचं, पेशवाईतले पुरुष जिथं मोत्यांची भिकबाळी घालायचे तिथंच. पुण्याच्या कुठल्याशा मेकॅनिकनं चेष्टेनं तसं नाव ठेवलं आणि पाच-सहा वर्षांत ते साऱ्या देशात चिकटलं. पंजाबी ड्रायव्हरसुद्धा तोंड वेडंवाकडं करून ‘भिकबाली’ म्हणायचे.

तर ही भिकबाळी काय करते ते एकदा नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपला कान नुसता ऐकत नाही, तो स्वतः आवाजही करतो. आतल्या शंखात बारीक केसाळ पेशी असतात. बाहेरून ‘टिक’ असा नाजूक आवाज सोडला की त्या थरथरतात आणि त्याहूनही नाजूक असा एक उलटा आवाज बाहेर पाठवतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाला ऐकू येतं की नाही, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. आता या शंखातलं पाणी आणि मेंदूभोवतीचं पाणी एका अगदी अरुंद नळीनं जोडलेलं असतं. डोक्याला मार बसून मेंदूवरचा दाब वाढला की तो कानापर्यंत पोचतो आणि उलटा आवाज बदलतो. म्हणजे कवटी न उघडता, नुसतं कानाशी बसून आतली खबर मिळते. भिकबाळीचं बोंड कानात बसायचं आणि टिकटिक करून ही खबर घ्यायचं. वरच्या चिमट्यातला लाल प्रकाश नाडी मोजायचा. शिवाय गाडीच्या दोन्ही सीटांखाली पट्ट्या असायच्या. छातीला, कमरेला, पायांना किती धक्का बसला ते त्या कळवायच्या. कानाचं आणि सीटचं एकत्र करून, आजवरच्या सत्तर हजार अपघातांशी ताडून, चार सेकंदांत एक आकडा यायचा. असा मार लागलेल्या शंभरांपैकी किती जण वाचले, तो आकडा.

नव्वदच्या वर हिरवा, म्हणजे हा थांबू शकतो. त्याखाली पिवळा, म्हणजे धावा. आणि पाचच्या खाली काळा. काळ्याला हात लावायचा नाही, बाकीचे बाहेर निघाल्याशिवाय. गेलेल्या माणसापायी वाचू शकणारा माणूस घालवायचा नाही, हा त्यामागचा विचार, आणि तो वाईट होता असं म्हणता येणार नाही. भिकबाळीमुळे खरोखर माणसं वाचली. गेल्या सहा वर्षांत काळ्या आकड्याचा एकही माणूस जगला नाही, असं यंत्र बनवणारे छाती पुढं काढून सांगायचे. आता ज्याच्याकडं कुणी जायचंच नाही तो जगणार तरी कसा, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

विश्वजितनं खुर्ची पुढं ओढली. एक्केचाळीस वर्षांचा गडी, शिरोलीला ब्रेकचं वर्कशॉप, आणि वीस वर्षं रॅलीचा नाद. हेमांगीनं त्याच्या कानात भिकबाळी बसवली. सकाळी हेच यंत्र डोकं ताळ्यावर आहे का ते तपासायचं. डोळ्यांसमोर दिवा चमकवायचा आणि मेंदू किती लवकर सावरतो ते मोजायचं. ड्रायव्हरला साठ गुण लागायचे. शेजारी बसून वहीतली वळणं वाचून दाखवणाऱ्या को-ड्रायव्हरला चाळीस चालायचे.

पडद्यावर बावन्न आले.

हेमांगीनं परत घेतलं. परत बावन्न.

“विशू,” ती हळूच म्हणाली, “डिसेंबरमधलं अजून आहे रे डोक्यात.”

डिसेंबरात सरावाच्या वेळी राधानगरीच्या रस्त्यावर गाडी उलटली होती. त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. अश्विनीनं, त्याच्या बायकोनं, हेमांगीला फोन करून सांगितलं होतं, की हे एकच गोष्ट दोनदा विचारतात आणि जिना उतरताना कठडा धरतात. आज पहाटेही तिचा फोन आला होता. “वन्सं, तुम्हीच तपासणार ना? मग मला घोर नाही. जमत नसलं तर सरळ घरी पाठवा, माझं नाव सांगून.”

“आक्का, ही शेवटची,” विश्वजित म्हणाला. “आईशप्पथ. उद्या हेल्मेट तुझ्या दुकानात आणून टांगतो. पण ही घालवू नको गं. आंबोशी घाट मी झोपेत चालवीन.”

“झोपेतच चालवशील, तीच भीती आहे.”

“आठ मार्क कमी पडल्यात आक्का. आठ मार्कांनी कोण मरतंय?”

मागं साकिब नदाफ उभा होता, त्याचा को-ड्रायव्हर. एकोणतीस वर्षांचा, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवणारा, बोलायला मोजका. तोच पुढं वाकून म्हणाला, “आक्का, माझी दादांना आणि दादांची मला घाला की. माझे ऐंशीच्या वर येतात. दादांचे बावन्न माझ्या नावावर पास होतील.”

म्हणजे साकिबच्या कानात ड्रायव्हरच्या नावाची भिकबाळी आणि विश्वजितच्या कानात को-ड्रायव्हरच्या नावाची. हेमांगीला हसू आलं, आणि मग हसू आल्याची लाज वाटली. “वेडे आहात का रे दोघं? एकदा सील केली की संध्याकाळपर्यंत काढता यायची नाही. काढली की कंट्रोलला घंटा वाजते.”

“मग संध्याकाळपर्यंत राहू दे की,” विश्वजित म्हणाला. त्यानं तिचा हात धरला. लहानपणी शाळेत जाताना धरायचा तसाच घट्ट. आई लवकर गेली तेव्हा हेमांगी तेरा वर्षांची होती आणि हा आठ. त्याला नाही म्हणायची सवय तिनं स्वतःला कधी लावूनच घेतली नव्हती. मागं रांग खोळंबली होती आणि कुणीतरी “काय मगदूम, राखीपौर्णिमा हाय काय?” म्हणून ओरडलं. सगळे हसले.

तिनं दोन्ही भिकबाळ्या उलट्या बसवल्या आणि सील केल्या. ड्रायव्हर त्र्याऐंशी, पास. को-ड्रायव्हर बावन्न, पास.

साडेनऊला ती जीपमधून घाटातल्या सात नंबरच्या ठाण्यावर गेली. बसवणाऱ्या माणसानंच पुढं घाटात टॅब्लेट घेऊन बसायचं आणि काही झालं तर आकडे वाचून दाखवायचे, अशी पद्धत होती. जीपमध्ये कटरवाला नितीन डफळे आणि त्याची दोन माणसं. डफळे गप्पिष्ट माणूस, पण काळ्या आकड्याचा विषय निघाला की मिटायचा. तीन वर्षांपूर्वी त्यानं काळ्याला आधी बाहेर काढलं होतं, हट्टानं. तो तर गेलाच, आणि थांबलेला पिवळाही गेला. त्या पिवळ्याच्या वडिलांनी त्याला भर रस्त्यात विचारलं होतं, की माझ्या पोराचा आकडा तुला दिसत नव्हता काय. तेव्हापासून डफळे यंत्राच्या पलीकडं एक पाऊल टाकत नसे.

“ताई, आकडा म्हणजे आकडा,” तो वडापाव खाता खाता म्हणाला. “काळे कधीकधी बोलत्यात. आई आई करत्यात. आपण तिकडं बघायचं न्हाई. बोलता बोलता जात्यात ते.”

हेमांगीचं त्याच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. ती वेळा मोजत होती. नऊ नंबरची गाडी, म्हणजे विशूची, अकरा वाजून चार मिनिटांनी सुटणार होती. तिनं मनाशी ठरवलं होतं, की खाली आला की दोन थोबाडीत द्यायच्या आणि मग जेवायला न्यायचं.

अकरा वाजून अकरा मिनिटांनी टॅब्लेट ओरडला.

गाडी त्यांच्या ठाण्यापासून अर्ध्या किलोमीटरवर रस्ता सोडून खाली गेली होती. वळण डावं होतं आणि गाडी सरळ गेली. बस, एवढंच. मागं ब्रेकची खूणसुद्धा नव्हती. चालवणाऱ्याला वळण आलेलं क्षणभर कळलंच नसावं, हे हेमांगीला ती काळी रेघ नसलेली वाट बघून समजलं.

पंचवीस फूट खाली गाडी एका जुन्या अंजनीच्या झाडावर डाव्या अंगानं आदळून थांबली होती. डावं दार आणि झाड एकमेकांत घुसलं होतं. उजवं दार डोंगराकडं, मोकळं. माती भुरुभुरू घसरत होती. डफळे दोर धरून खाली उतरला, मागोमाग हेमांगी. सकाळी घातलेली तिची पांढरी टोपी कुठं पडली ते तिला कळलंही नाही.

आत दोघं बेल्टला लटकलेले. उजवीकडं विश्वजित, मान पुढं, डोळे अर्धे मिटलेले, घशातून घोरल्यासारखा आवाज. डावीकडं साकिब, कमरेपासून खाली पत्र्यात गेलेला, पण शुद्धीवर. “आक्का,” तो म्हणाला, “आक्का, पाय दिसंनात.”

“आकडे!” डफळे ओरडला.

हेमांगीनं टॅब्लेट पुसला. ड्रायव्हर, शहाऐंशी, पिवळा. को-ड्रायव्हर, तीन, काळा.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. वाचताना तोंडाला सवय असते, अर्थ मागून येतो.

“देवानं सोपं दिलंय!” डफळे म्हणाला. “पिवळा उजवीकडं, दार मोकळं. सहा मिनिटांत बाहेर काढतो. कटर आणा रे!” साकिबकडं त्यानं पाहिलंही नाही. डावीकडचा काळा होता, आणि काळे बोलतात.

तेव्हा हेमांगीला अर्थ लागला. भिकबाळ्या उलट्या होत्या. शहाऐंशी साकिबच्या कानातून आले होते. आणि ते तीन, ते काळे तीन, तिच्या भावाचे होते.

गप्प बसलं तर? डफळे विशूला आधी काढेल. कुणाला संशय यायचं कारण नाही. साकिब गेला तर यंत्र म्हणेल, तो जाणारच होता. सकाळची भानगडही उघडी पडणार नाही. विशूला शंभरात तीन का होईना, ते तीन मिळतील. आणि तिकडं शंभरात शहाऐंशीचं एक माणूस पत्र्यात अडकून, तिला आक्का म्हणत म्हणत मरेल. खोटं कशाला बोला, मिनिटभर ती गप्पच राहिली. त्या मिनिटात डफळेनं उजव्या दाराला कटरचा जबडा लावला.

“आक्का,” साकिब पुन्हा म्हणाला, “माझ्या अम्मीला फोन नका करू हां एवढ्यात. ती घाबरती.”

“थांबा!” हेमांगी ओरडली. “डफळे, थांबा. आकडे उलटे आहेत. भिकबाळ्या मी उलट्या बसवल्यात. काळा ड्रायव्हर आहे. विशू काळा आहे.”

डफळेचा हात थांबला. वॉकीटॉकी चालूच होता. घाटभर सगळ्या ठाण्यांवर ते ऐकू गेलं. सख्ख्या भावाविरुद्ध कुणी खोटं बोलत नाही, एवढं डफळेला कळत होतं.

“ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “कटर एकच, आणि हे दार सहा मिनिटांचं आहे. डावीकडं अर्धा तास जाईल. तुम्ही म्हणत असाल तर मी नियम गेला खड्ड्यात म्हणतो. सहा मिनिटं. तुम्ही सांगा.”

तीन वर्षांपूर्वीचा पिवळा डोक्यात घेऊन फिरणारा तो माणूस हे म्हणाला, ही काही लहान गोष्ट नव्हती. हेमांगीनं पडद्याकडं पाहिलं. शहाऐंशीचे चौऱ्याऐंशी झाले होते. तीनचे तीनच होते.

“डावं दार,” ती म्हणाली. “साकिबला काढा.”

मग तिला करता येण्यासारखं एकच उरलं. ती उजव्या खिडकीतून आत वाकली आणि दोन्ही हातांनी विश्वजितचा जबडा वर उचलून धरला, म्हणजे श्वासाला वाट राहील. पलीकडं कटर किंचाळत होता, साकिब ओरडत होता, डफळे त्याला शिव्या देत देत धीर देत होता. ती भावाशी बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. त्याच्या घशाचा आवाज आधी मोठा होता, मग थांबत थांबत यायला लागला. तिच्या हातांना मुंग्या आल्या, तरी तिनं जबडा सोडला नाही.

बाविसाव्या मिनिटाला पडद्यावर काळ्या आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ आली. सव्विसाव्या मिनिटाला साकिब बाहेर निघाला. हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. मग डफळे उजव्या बाजूला आला, आणि सहा मिनिटांऐवजी पाचच मिनिटांत त्यानं विश्वजितला बाहेर काढून गवतावर ठेवलं.

साकिबचा एक पाय गुडघ्याखाली गेला. पण तो जगला.

पुढं चौकशी झाली. हेमांगीनं काही लपवलं नाही. पोलिसांना सांगितलं, रॅलीच्या समितीला सांगितलं. तिचं ओळखपत्र काढून घेतलं, खटलाही होणार होता. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. एकच गोष्ट तिला धरून होती, की निदान त्या खड्ड्यात तरी आपण खरं बोललो. सकाळी जे पाप केलं ते दुपारच्या आत फेडलं, निदान निम्मं. रात्री अंथरुणावर ती तेवढंच स्वतःला सांगायची आणि मग कुठं डोळा लागायचा.

पाच आठवड्यांनी समितीच्या डॉक्टर शहापुरे दुकानात आल्या. पन्नाशीच्या, शांत स्वभावाच्या बाई. त्यांनीच विश्वजितच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला होता आणि यंत्राच्या नोंदीही. बराच वेळ त्या काउंटरवरची मशिनं उगाच न्याहाळत राहिल्या.

“हेमांगीताई, अहवाल उद्या जाईल,” त्या म्हणाल्या. “तो तुम्ही वाचण्याआधी मी सांगावं असं वाटलं. आकडा नुसत्या कानाचा नसतो.”

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे, पण त्या दिवशी तुमच्या ध्यानात राहिलं नाही. कुणाच्याच राहिलं नसतं.” डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. “यंत्र कान आणि सीट एकत्र करतं. भिकबाळ्या बदलल्या, पण सीटा कुठं बदलल्या होत्या? तुमच्या भावाच्या कानातली भिकबाळी को-ड्रायव्हरच्या नावाची होती. म्हणून यंत्रानं त्याच्या डोक्याचा मार आणि डाव्या सीटचा धक्का यांची बेरीज केली. डावी सीट तर चिरडली होती. असं डोकं आणि असा धक्का एकाच माणसाला बसला असता तर तो खरंच काळा असता. पण तसा माणूस त्या गाडीत नव्हताच.”



“मी नोंदी जागच्या जागी लावून परत आकडे काढले,” डॉक्टर म्हणाल्या. “साकिबचे अडुसष्ट. विश्वजितचे सत्तावन्न.”

“सत्तावन्न.”

“कवटीच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या बाहेर रक्त साठत होतं. हा प्रकार वेळेत गाठला तर वाचतात माणसं. हेलिकॉप्टर वर उभं होतं.”

“आणि साकिब? तो सहा मिनिटं थांबला असता?”

“अडुसष्टचे चौसष्ट झाले असते. फार तर त्रेसष्ट.”

हेमांगी आयुष्यभर कानाची बाई. तिच्या लेखी भिकबाळी कानात होती, म्हणून आकडा कानाबरोबर गेला. कान साकिबचा तर आकडा साकिबचा. सीटखालच्या पट्ट्या तिनं कधी हातात घेतल्या नव्हत्या, त्या मेकॅनिक लोक बसवायचे. डफळेनं दार मोकळं दिसतंय म्हणून सहा मिनिटं मागितली होती. यंत्र न कळणारा माणूस बरोबर होता, आणि यंत्र कळणारी ती चुकली. ती गप्प बसली असती, खोटी राहिली असती, तर कदाचित दोघंही घरी आले असते.

“अहवाल इंग्रजीत आहे,” निघताना डॉक्टर म्हणाल्या. “अठ्ठेचाळीस पानं. तुमची भावजय काही तो वाचणार नाही. मी तिला सांगायला जाणार नाही. तुम्हीही जायलाच हवं असं नाही.”

त्याच दिवशी संध्याकाळी ती अश्विनीकडं गेली. आपण का चाललोय याचा तिनं विचार केला होता. अश्विनीला कळायचा हक्क आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं तर ते एकटीनं वागवणं तिला झेपत नव्हतं.

अश्विनी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. तिनं हेमांगीला पाहून पदर सारखा केला आणि पाणी आणून दिलं. या पाच आठवड्यांत तिनं हेमांगीला एकदाही टाकून बोलायचं सोडाच, वाकड्या नजरेनं पाहिलंही नव्हतं. उलट घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, की आमच्या वन्सं धीराच्या, दुसऱ्याचं लेकरू वाचवलं, जाणारं माणूस जाणारच होतं.

“काल साकिबची आई आली होती,” अश्विनी म्हणाली. “माझ्या पायाशी बसून रडली बिचारी. मी म्हटलं, काकी, आमचे हे तर राहणारच नव्हते. तुमचा तरी राहिला. यातच समाधान मानायचं. तेवढ्यावरच मी उभी आहे बघा, वन्सं.”

हेमांगीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. इथंच उठायला हवं होतं. चहा नको म्हणून, दुकान उघडं आहे म्हणून.

“अश्विनी,” ती म्हणाली, “तो राहिला असता.”

आणि तिनं सगळं सांगितलं. कान, सीट, सत्तावन्न, सहा मिनिटं. डफळेनं विचारलं होतं आणि आपण नको म्हणालो, तेही सांगितलं. सांगताना ती रडली नाही. अश्विनीच्या मांडीवर विश्वजितचा एक शर्ट होता, त्याच्या पाच आठवडे न घातलेल्या कपड्यांना ऊन दाखवून ठेवायची तिची सवय सुटली नव्हती. ती तो घडी करत होती. बोलणं संपेपर्यंत तिनं पूर्ण घडी केली आणि बाजूला ठेवला.

खाली रस्त्यावर कुणीतरी मुलांना घरी बोलवत होतं.

“डिसेंबरात मी तुम्हाला फोन केला होता,” अश्विनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “त्या दिवशी पहाटेही केला होता. तुम्ही आहात म्हणून मी निवांत होते, वन्सं. त्या टेबलावर तोंड उघडायचं होतंत. तिथं नाही उघडलंत.”



“आणि आज तरी,” अश्विनी म्हणाली, “आज तरी मिटून ठेवायचं होतंत.”